पाळी जाताना आणि पाळी येताना: घरच्या उपायांनी काय होतं, काय होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४७. वर्षभर पाळीचा नेम नाही, कधी दोन महिन्यांनी येते तर कधी तीनच आठवड्यांत. रात्री दोन-तीनदा अंगातून वाफा निघून जाग येते, दिवसा चिडचिड होते, सकाळी उठताना गुडघे आणि बोटं धरतात. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात होस्टेलला. पाळीच्या आधी आठवडाभर ती फोनवर रडते, छाती जड झाली म्हणते, आणि पाळी आली की दोन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी. जाऊ म्हणते, 'पिशवी काढून टाक, सगळं मिटेल.' नणंदेने शतावरीचं चूर्ण पाठवलंय. ओळखीतल्या एकीने महिन्याला तीन हजारांच्या कॅप्सुल्स गळ्यात घातल्यात. 'हार्मोनच्या गोळ्या नकोत. आम्हा दोघींसाठी नैसर्गिक काही असेल तर सांगा,' असं त्यांचं म्हणणं.

ताई, तीस वर्षं मी तालुक्याच्या गावात बायकांना तपासते आहे, आणि तुम्ही ज्यातून जाताय त्यातून मीही गेले आहे. तुमचं सगळं वाचलं, पण जावेच्या वाक्यापाशी थांबले. आधी त्याचंच उत्तर देते, कारण बाकीचं महिनाभर उशिरा केलं तरी चालेल, हे नाही. वाफांसाठी पिशवी काढू नका.

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली की रक्त जायचं थांबतं. वाफा थांबत नाहीत, कारण त्या पिशवीतून येतच नाहीत. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी-जास्त व्हायला लागलं की त्या मेंदूत सुरू होतात. आणि 'पोट उघडलंच आहे तर' म्हणून पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर शरीर जो बदल चार-पाच वर्षांत सावकाश करणार होतं तो एका दिवसात होतो. मग वाफा जास्त जोराच्या, हाडं लवकर ठिसूळ, आणि कमी वयात झालं तर हृदयालाही धोका. अंडाशयं ठेवली तरी काही जणींची ती लवकर थकतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्यानंतरच्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यात तिशी-पस्तिशीतल्या बायकाही होत्या. त्या भागातून आलेल्या बायका मी तपासल्या आहेत. चाळिशीतच कंबरेतून वाकलेल्या, रात्ररात्र घामाने भिजणाऱ्या. पिशवी काढायला खरी कारणं असतात: कॅन्सर, औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं. पाळी जायला आली आहे आणि चिडचिड होते, हे कारण नव्हे.

आता तुमच्याकडे वळू. सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं आपण म्हणतो. आपल्याकडच्या बायकांची ती साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या सुमाराला. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात. तुमची पाळी अजून गेलेली नाही, जाण्याच्या वाटेवर आहे, आणि खरा त्रास याच काळात जास्त असतो. इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही. एखाद्या महिन्यात ते नेहमीपेक्षा वर जातं, पुढच्या महिन्यात तळाला. म्हणून एक आठवडा छाती दुखते आणि पुढच्या आठवड्यात वाफा. एक सांगून ठेवते: या काळात दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. 'आता काय होतंय' असं म्हणून ४६ व्या वर्षी दिवस राहिलेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत, आणि त्यांच्या तोंडावरचा संकोच बघवत नाही.

वाफ कशी येते ते तुम्हाला सांगायला नको. छातीतून काहीतरी चढतं, मान तापते, कानाच्या पाळ्या गरम होतात, कपाळावर घाम फुटून टिकली सरकते. दोन-चार मिनिटांत ओसरतं आणि मग अंगावर शहारा येतो. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बाईला वाटतं जाळाचीच धग आहे, म्हणून ती कोणाला सांगतही नाही. होतं ते असं: मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. एरवी तापमान थोडं वर-खाली झालं तरी ती दुर्लक्ष करते. इस्ट्रोजेन घटलं की ती फार हळवी होते. पांघरुणाची ऊब, एक कप चहा, मनात आलेला राग एवढ्यानेही तिला वाटतं शरीर तापलं, आणि ती कातडीच्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडते. म्हणजे तुमच्या अंगात उष्णता वाढलेली नसते.

यावर मी जोर देते, कारण 'उष्णता झाली' या समजुतीपायी बायका तीळ बंद करतात, गूळ बंद करतात, अंडी बंद करतात, मेथी-शेपू बंद करतात, आणि दिवसभर सब्जा-कोकम पीत राहतात. कोकम प्या, बरं वाटतं. गुलकंदाने पोट साफ होतं, मधुमेह नसेल तर चमचाभर घ्या. पण तीळ आणि अंडी आत्ता सोडायच्या गोष्टी नाहीत. त्या का ते पुढे येतंच आहे.

औषधाआधी मी प्रत्येकीला एक काम देते: दोन महिने नोंद ठेवायची. वही नको असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर चालतं. भाजीचा गाळा चालवणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या. त्यांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णयच खिळ्यावरून काढून आणलं. दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, आणि त्याच चौकोनांत पाळीला लाल टिंब आणि रात्री घामाने जाग आली की निळी फुली. पान उघडून आम्ही दोघी बघत बसलो. फुल्या बाजाराच्या दिवशी दाटल्या होत्या. त्या दिवशी गाळ्यावर पाच-सहा कप चहा व्हायचा, आणि दहा वाजता ठेच्याबरोबर जेवण करून त्या लगेच आडव्या व्हायच्या. त्यांना गोळी दिली नाही. बाजाराच्या दिवशी चार वाजल्यानंतरचा चहा बंद, घरून दुपारी डबा, रात्रीचं जेवण हलकं. महिन्यानंतरच्या पानावर फुल्या निम्म्याच उरल्या होत्या. प्रत्येकीचं कारण हेच असेल असं नाही. तुमच्या कॅलेंडरवर दुसरंच काही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. पण कळेल.

नोंदीचं दुसरं कारण असं, की वाफांवरच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्या बायकांना नुसती बिनऔषधाची गोळी देतात त्यांच्याही वाफा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. त्या बायका खोटं बोलत नसतात. कोणीतरी लक्ष देतंय, काहीतरी सुरू केलंय, या भावनेनेही मेंदूवर परिणाम होतो, आणि वाफा काळाबरोबर आपोआपही ओसरतात. त्यामुळे बाजारातलं कुठलंही चूर्ण कोणाला ना कोणाला लागू पडल्यासारखं वाटतंच. तीन हजारांच्या कॅप्सुलचा गुण आला की काळाचा, हे तुमच्या फुल्याच सांगतील. सुरू करायच्या आधीच्या आणि बारा आठवड्यांनंतरच्या.

मग खरंच कशाने कमी होतं? सगळ्यात भक्कम पुरावा दोन गोष्टींचा आहे, आणि दोन्ही बिनपैशाच्या. वजन जास्त असेल तर ते उतरवणं, ही एक. दहा-बारा किलो नव्हे. ७० किलोच्या बाईने चार-पाच किलो कमी केले तरी फरक जाणवतो. दुसरी म्हणजे वाफेकडे बघायची रीत बदलणं. मानसोपचारात याला विचार-वर्तन उपचार म्हणतात. वाफ आली की मनात येतं, 'सगळे माझ्याकडे बघतायत, आता चक्कर येणार, आज रात्र गेली.' त्या विचाराने छाती धडधडते आणि तीच वाफ दुप्पट जाचते. त्याऐवजी मनाशी म्हणायचं, 'आली आहे, चार मिनिटांत जाईल,' पदर सैल करायचा, हातातलं काम खाली ठेवायचं आणि सावकाश श्वास सोडायचा. एकट्या श्वासाने वाफांची संख्या घटत नाही, तसं तपासून पाहिलंय. योगासनांनीही संख्येत फार फरक पडत नाही. पण योग करणाऱ्या बायकांची झोप आणि मन सुधारतं, आणि तेवढ्यासाठी मी रोज वीस मिनिटं शवासन, भ्रामरी आणि हलकी आसनं करायला सांगते. मी स्वतः अजून करते.

झोपेचं वेगळं सांगते, कारण चिडचिडीचं निम्मं मूळ तिथे आहे. सुती गाऊन, सुती चादर, उशाशी पाणी आणि कोरडा पंचा. अंगावर एक जाड पांघरूण न घेता दोन पातळ घ्या, म्हणजे एक बाजूला सारता येतं. पंखा कोणाच्या बाजूला असावा यावर घरात वाद होत असतील तर पलंगाची जागा बदला. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर घड्याळ न बघता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, झोप आली की परत यायचं. मोबाइल हातात घ्यायचा नाही. रात्री कितीही वेळा उठलात तरी सकाळी उठायची वेळ तीच. महिनाभर हे पाळलं तर झोपेची घडी बसते. मात्र रात्रीच्या घामाबरोबर संध्याकाळी कणकण, खोकला किंवा वजन उतरणं असेल तर ते पाळीवर ढकलू नका. आपल्या देशात रात्रीच्या घामामागे क्षय असू शकतो. ४९ वर्षांच्या एका शिक्षिकेने सहा महिने 'वय झालं' म्हणून काढले, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये निघाला टीबी. थायरॉइडही असाच वेष घेतो. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्याच.

सोयाबीनबद्दल बायका हमखास विचारतात. त्यात इस्ट्रोजेनसारखी दिसणारी द्रव्यं असतात आणि काही जणींच्या वाफा त्याने थोड्या सौम्य होतात. थोड्याच, आणि दोन-तीन महिन्यांनी. लातूर-अकोल्याकडे सोयाबीन पोत्यांनी पिकतं, पण घरात कोणी खात नाही, सगळं तेलाच्या कारखान्यात जातं. रोज पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ, पुरे. कच्चं दळू नका. भिजवून उकळून वाळवा किंवा चांगलं खरपूस भाजा, मग गव्हात मिसळून दळा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा. जवसाचं म्हणाल तर वाफांवर त्याचा खास उपयोग दिसलेला नाही, पण पोट साफ राहतं आणि चटणी चविष्ट लागते, त्यासाठी जरूर खा.

हाडांकडे मात्र आत्ताच बघायला हवं, कारण तिथे काही दुखत नाही आणि दुखायला लागतं तेव्हा मनगट किंवा खुब्याचं हाड मोडलेलं असतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आपल्या आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये ठरवलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, एका मोठ्या पेला दुधात अडीचशे, आणि तीळ तर शंभर ग्रॅममध्ये हजाराच्या वर. म्हणजे दोन नाचणीच्या भाकऱ्या, सकाळी एक पेला दूध, जेवताना वाटीभर दही, तिळाची चटणी दोन चमचे आणि एक पालेभाजी, एवढ्यात बराचसा हिशोब बसतो. उरलेल्यासाठी गोळी. त्याबरोबर रोज डाळ-उसळ-अंडं यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवंच. घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्या बाईचे स्नायू कसे टिकणार?

आणि नुसतं चालणं पुरत नाही. आपल्या आज्या जातं ओढत, आडावरून पाणी शेंदत, डोक्यावर घागरी आणत. त्या कष्टांचं मी कौतुक करत नाही, त्याने कंबरा मोडल्या आणि अंगं बाहेर आली. पण हाडाला आणि स्नायूला ओझं लागतं हे खरं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, जिना, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत उचलणं, आठवड्यातून तीनदा. सकाळी सांधे धरतात म्हणता, त्यावरही हाच उपाय आहे. तंबाखूने हाडं आणि हृदय दोन्ही खंगतात. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चारदा लावत असाल तर ती आधी सोडा, बाकीचे उपाय नंतर.

उपवासाचंही बोलू. चतुर्थी, एकादशी, गुरुवार असे आठवड्याला दोन-दोन उपवास करणाऱ्या बायका आहेत. सकाळपासून चहावर आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी. उपाशीपोटी डोकं दुखतं, चीड येते, आणि मग पाळीला दोष. उपवास सोडा असं मी म्हणत नाही, त्याच्यामागे तुमची श्रद्धा आहे. पण त्या दिवशी दही, शेंगदाणे, राजगिरा, दूध, फळ दर तीन-चार तासांनी पोटात जाऊ द्या.

शतावरी आणि अश्वगंधा. शतावरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते, आणि काही छोट्या चाचण्यांत पाळी जातानाच्या त्रासावर थोडा गुण दिसलाय. माझं मत असं: घ्यायची असेल तर पदवी असलेल्या वैद्यांना दाखवून, नावगाव आणि परवाना क्रमांक छापलेल्या डब्यातली घ्या. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि बारा आठवडे फुल्या मोजा. तुम्हाला किंवा घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर शतावरी किंवा सोयाबीनच्या कॅप्सुल्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अश्वगंधेने काही जणींना झोप बरी लागते, पण यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधाशी तिचं जुळत नाही. नणंदेने पाठवलेली पुडी बिननावाची असेल तर ती घेऊ नका. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण अशा निनावी चूर्णांत स्टेरॉइड किंवा शिसं सापडल्याची उदाहरणं आहेत. झाडपाला असला की अपाय नाही, हे खरं नव्हे. महागड्या कॅप्सुल्सच्या डब्यामागे काय लिहिलंय ते फोटो काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या तीन हजारांचं दूध, अंडी आणि फळं आणा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, बहुतेक बायका लिहीत नाहीत. योनीमार्गात कोरडेपणा, संबंधाच्या वेळी जळजळ, लघवीला वारंवार जाणं, खोकताना थेंब निघणं. वाफा वर्षांनी जातात, हा त्रास मात्र आपोआप जात नाही, वाढतो. शुद्ध खोबरेल तेल संबंधाच्या वेळी चालतं, फक्त निरोधबरोबर नको, त्याने रबर फाटतं. साबणाने आतून धुणं बंद करा. लघवी अडवण्यासाठी जे स्नायू आवळतो ते दहा मोजेपर्यंत आवळून सोडायचे, दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा. कुकरच्या शिट्या मोजताना उभ्या उभ्या होतं. एवढ्याने भागलं नाही तर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. ते रक्तात जवळजवळ जात नाही. ते लावायला घाबरून वर्षानुवर्षं नवऱ्यापासून दूर झोपणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात.

हार्मोनच्या गोळ्या नकोत म्हणालात. तुमचा निर्णय मी मानते. फक्त भीती कुठून आली तेवढं ऐका. २००२ मध्ये अमेरिकेतली या गोळ्यांची एक मोठी चाचणी मध्येच थांबवली, स्तनाचा कॅन्सर आणि हृदयविकार वाढतो म्हणून जगभर बातम्या आल्या. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. नंतर वयानुसार आकडे पाहिले तेव्हा दिसलं की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला फारच त्रास असेल तर फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. घरच्या उपायांनी तीन महिन्यांत रात्रीची झोप परत आली नाही, तर हा पर्याय किंवा बिनहार्मोनची औषधं, यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं म्हणजे हरणं नाही.

आता लेकीचं. तुम्ही लिहिलंत ते एक वाक्य फार मोलाचं आहे: पाळी आली की दोन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी. ही पाळीआधीच्या त्रासाची खूणच आहे. अंडं सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत सुरू होणार, पाळी आली की ओसरणार, आणि मधले दिवस निर्मळ. मधल्या दिवसांतही उदास असेल तर ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर वेगळा उपाय लागतो. म्हणून तिलाही दोन महिने नोंद ठेवायला सांगा, मोबाइलवर ठेवेल. आणि तिला हे जरूर कळवा की तिचे हार्मोन बिघडलेले नाहीत. तपासले तर आकडे बहुतेक अगदी नॉर्मल येतील. काही मुलींचा मेंदू त्या नेहमीच्या चढ-उताराला जास्त जाणवून घेतो, एवढंच. 'नाटकं करते' हे वाक्य घरातून कायमचं जायला हवं.

कॅल्शियम इथेही कामाचं आहे. १९९८ मध्ये साडेचारशेहून जास्त बायकांवर एक चाचणी झाली. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतलेल्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी कमी झाला, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांचा ३० टक्क्यांनी. दोन्ही आकडे बघा. फरक खरा आहे, चमत्कार नाही. होस्टेलच्या मेसमध्ये दूध-दही मिळत नसेल तर नाचणी सत्त्व आणि तीळ-गुळाच्या वड्या डब्यातून पाठवा. बी-६ जीवनसत्त्वाचाही थोडा उपयोग होतो, पण दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर नको. जास्त घेतलं तर हातापायाला मुंग्या येऊन नसांना इजा होते. त्या आठवड्यात जेवण चुकवायचं नाही, रात्री दोनला मॅगी आणि कॉफी नको, खारवलेलं कमी, रोज अर्धा तास घाम येईल असं चालणं, सायकल किंवा नाच. परीक्षा त्याच आठवड्यात येणार असेल तर अभ्यास आधी ओढून घ्यायचा. तिच्या मैत्रिणींपैकी एकीला तरी तिने तारीख सांगून ठेवावी.

परदेशात या त्रासावर एका निर्गुंडीच्या फळांचा अर्क वापरतात आणि त्याचा गुण चाचण्यांत दिसलाय. पण ती निर्गुंडी वेगळ्या जातीची. आपल्या बांधावर, ओढ्याकाठी असते ती निगडी त्याच कुळातली असली तरी ते झाड ते नव्हे. तिचा पाला सुजेवर शेकायला ठीक, काढा करून मुलीला पाजू नका.

पाळीच्या दिवशी पोटात कळा येणं हे निराळं. तिथे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरंच काम करतो. पोटावर सतत ऊब ठेवली तर वेदनेच्या गोळीइतका आराम पडल्याचं पाहिलं गेलंय. सुंठ-गुळाची गोळी पहिल्या दिवसापासून घेतली तर तीही बरी. आणि एवढ्याने भागलं नाही तर जेवणानंतर वेदनेची गोळी घेऊ द्या. त्याने पुढे मूल व्हायला अडचण येते ही समजूत चुकीची आहे. दर महिन्याला कळा वाढत चालल्या आणि कॉलेज बुडायला लागलं तर मात्र सोनोग्राफी करून घ्या.

गौरी-गणपतीत पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्यात का, तुम्ही किंवा तिने? घरोघरी घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. त्या गोळ्यांनीच छाती जड होते, पोट फुगतं, मन खट्टू होतं, आणि पाय सुजण्याचा किंवा रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर त्या धोक्याच्या. कॅलेंडरवर त्याही लिहा.

लेक कधी 'जगावंसं वाटत नाही' असं म्हणाली, एकदाच का होईना, तर पाळी येईपर्यंत थांबू नका. तिच्याकडे जा, तिला एकटं ठेवू नका, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पाळीआधीच्या तीव्र उदासीवर चांगली औषधं आहेत, काहींना तर महिन्यातले तेवढेच दिवस घ्यावी लागतात.

तुमच्यासाठी लगेच दाखवायच्या गोष्टी: तासाला एक पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, सात-आठ दिवसांवर पाळी लांबणं, संबंधानंतर रक्त दिसणं, आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा एक डाग जरी दिसला तरी. शेवटची गोष्ट बायका 'पाळी परत आली' म्हणून आनंदाने सांगतात. ती पाळी नसते, आणि कॅन्सर नाही ना हे तपासावंच लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तुमची पाळी कधीकधी तीनच आठवड्यांत येतेय, तेव्हा हिमोग्लोबिन १२ वर असेल असं गृहीत धरू नका. जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तो तासभर मागे-पुढे करा, लोह अंगी लागेल.

घरच्या मंडळींना हे सगळं तुम्ही सांगायचं. नवऱ्याला कॅलेंडर दाखवा, निळ्या फुलीचा अर्थ सांगा. रात्री तीनदा उठलेल्या बाईला सकाळी सहाचा डबा दुसऱ्या कोणीतरी भरून दिला तर तो उपचारच आहे, कुठल्याही चूर्णाइतका. माझ्या घरी पोळ्या तेव्हापासून नवरा लाटतो.

दोन महिन्यांनी तुमचं कॅलेंडर आणि लेकीच्या नोंदी घेऊन जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. टीएसएच आणि हिमोग्लोबिनचे कागद बरोबर असू द्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि कॅप्सुल्स एका पिशवीत घालून न्या, आणि टेबलावर ओतून दाखवा.